मनीचा पासपोर्ट फोटो

परदेशी जायचं हे पक्कं झालं होतं. कुठे जायचं एवढंच ठरत नव्हतं, आणि एवढ्याशा गोष्टीवरून घरात तीन आठवडे काथ्याकूट चालला होता.

घर चौघांचं. घड्याळवाली, तिचा नवरा, सासरे आणि पावणेचार वर्षांची मनी. चावीवाला आणि औषधांचं दुकान यांच्या मधे घड्याळवालीचं चिंचोळं दुकान होतं, वडिलांकडून आलेलं. रस्ताभर तिला कुणी दुसऱ्या नावानं ओळखतच नसे. डोळ्याला भिंग लावून ती दिवसभर मान खाली घालून बसायची आणि मोहरीएवढे स्क्रू चिमट्यानं उचलून जागच्या जागी बसवायची. हिच्या नजरेतून केससुद्धा सुटत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. नवरा पाणीपुरवठा खात्यात नकाशे सांभाळायचा. कुठल्या रस्त्याखालून कुठला पाइप गेलाय हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. मात्र तक्ता आखल्याशिवाय त्याच्या हातून साधी भाजीची यादी व्हायची नाही.

सहलीचाही तक्ता फ्रिजवर लागला होता. तीन ठिकाणं उभी: बर्फाचं, बेटाचं आणि जुन्या किल्ल्यांचं. आडव्या रकान्यांत विमानाचे तास, घड्याळातला फरक, बाबागाडी ढकलता येते का, दूध कसं मिळतं, लहान पोरांना कुठे कुठे आत सोडत नाहीत.

"बेटावर सात तास," नवरा म्हणाला. "सात तास ही एका जागी बसेल?"

"तू तरी बसशील का?"

"पोरीला काय कळणार आहे त्यात," सासरे मधेच म्हणाले. त्यांना घरात सगळेच आजोबा म्हणत. "वाळू इथली काय आणि तिथली काय. समोरच्या बागेत न्या आणि सांगा, हेच परदेश."

"तिला नाही कळलं तरी चालेल, आजोबा. मला कळेल ना," घड्याळवाली म्हणाली. वीस वर्षं ती परदेशी जाणाऱ्यांची घड्याळं तिथल्या वेळेवर लावून देत आली होती. कुठे आता सकाळ असेल आणि कुठे जेवणवेळ, हे तिला तोंडपाठ होतं. स्वतः मात्र ती कधी विमानतळाच्या आतसुद्धा गेली नव्हती.

शेवटी एका रविवारी नवऱ्यानं तिन्ही ठिकाणांची माहितीपत्रकं जमिनीवर पसरली आणि निवाडा मनीवर सोपवला. मनी गुडघ्यांवर बसली, मान डावीकडे वळवली आणि तिरकी होऊन एकेक चित्र बघू लागली. असं तिरकं बघायची तिची लकब होती. आजोबा तिला नखरेल म्हणायचे. बराच वेळ विचार करून तिनं बर्फाच्या डोंगरावर बोट ठेवलं.

"हे. पांढरं."

झालं. तक्ता फ्रिजवरून उतरला. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं मनीच्या पासपोर्टचा अर्ज आणला, आणि मंगळवारी दुपारी, दुकान जरा निवांत होतं तेव्हा घड्याळवाली मनीला घेऊन चार दुकानं पलीकडच्या फोटोवाल्याकडे गेली.

फोटोवाला साठीच्या पुढचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं स्टुलावर दोन जाड वह्या ठेवल्या, त्यावर मनीला बसवलं, मागचा पांढरा पडदा सारखा केला आणि फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत पाहिलं. पुन्हा काढला. फ्लॅश जरा खाली केला, पुन्हा काढला. तिला थोडं इकडे, थोडं तिकडे बघायला सांगून आणखी काढले.

"हलतेय का ती?" घड्याळवालीनं विचारलं.

"नाही. शहाण्यासारखी बसलीये."

मग तो मनीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आपण एक खेळ खेळू." त्यानं तळहातानं तिचा डावा डोळा झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं नाचवली. मनी हसली. मग त्यानं उजवा डोळा झाकला. मनीनं लगेच त्याचा हात ढकलून दिला. त्यानं पुन्हा झाकला. या वेळी तिनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरून खाली ओढलं आणि रडवेली झाली.

फोटोवाला उठला. कोपऱ्यातल्या टोपलीतली खेळणी मनीला दाखवली आणि ती तिकडे रमल्यावर हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे फोटो मी तुम्हाला देणार नाही."

"का? परत काढा मग."

"सात काढले. हे बघा."

त्यानं फोटो मोठा करून दाखवला. मनीचा गोल चेहरा, घट्ट मिटलेले ओठ. उजव्या बुबुळाच्या मधोमध एक लाल ठिपका होता. डाव्यात ठिपका पांढरा होता. दुधाचा थेंब पडावा तसा.

"लाल दिसतो तो चांगला डोळा," तो म्हणाला. "उजेड आत जाऊन परत येतो, तो लाल येतो. पांढरा यायला नको."

"फ्लॅशचा दोष असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून तर सात काढले."

घड्याळवालीला एकदम राग आला. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. म्हणूनच डॉक्टरकडे पाठवतोय. कदाचित काही नसेलही." कॅमेऱ्याचा पट्टा त्यानं बोटाभोवती गुंडाळला, सोडला. "बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पोरगा आला होता फोटोला, दीड वर्षाचा. त्याच्याही डोळ्यात असाच ठिपका आला होता. मला वाटलं, फोटो खराब आला. मी तो ठिपका पुसला, काळा रंग भरला आणि छान चौकटीत बसवून दिला. आठ महिन्यांनी त्याचा बाप तो फोटो मोठा करून घ्यायला आला. पोरगा राहिला नव्हता." त्यानं एका पाकिटाच्या पाठीवर इस्पितळाचं आणि विभागाचं नाव लिहिलं. "आज जा. उद्यावर टाकू नका."

ती बाहेर आली. रस्ता होता तसाच होता. चावीवाल्यानं यंत्र थांबवून विचारलं, "काय, झाला का फोटो?"

"झाला. छान आला," ती म्हणाली.

आपण असं का म्हणालो हे तिला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. तिला इतकंच आठवत होतं की ती दुकानात जाऊन नेहमीच्या जागी बसली, कुणीतरी दुरुस्त झालेलं घड्याळ न्यायला आलं, ते तिनं पुसून दिलं, पट्टा बदलायला झालाय असंही सांगितलं. मग उघडं ठेवलेलं काम पुढे ओढलं. चिमट्यात स्क्रू येईना. बोटं कुणा दुसऱ्याचीच असावीत तशी वागत होती.

मनी पायाशी बसून जुन्या भिंगाशी खेळत होती. आईसारखं डोळ्याला लावायचं आणि जमिनीवरच्या मुंग्या बघायच्या, हा तिचा रोजचा उद्योग. भिंग उजव्या डोळ्याला होतं.

"मने, या डोळ्याला लाव बरं," घड्याळवाली म्हणाली आणि तिच्या डाव्या गालाला बोट लावलं.

"त्याला नको."

"का?"

"त्यात काही नसतं."

"काही नसतं म्हणजे?"

"काळं असतं," मनी म्हणाली, आणि पुन्हा मुंग्यांकडे वळली.

"कधीपासून काळं असतं गं?"

मनीनं जरा विचार केला. "रोज."

तिनं दुकानाचं शटर ओढलं, कुलूप लावायचं विसरली, आणि रिक्षात बसल्यावर नवऱ्याला फोन केला. काय सांगितलं ते तिला आठवत नव्हतं. नवरा मात्र पुढे सांगायचा की ती फक्त "डोळा, डोळा" असं म्हणत होती आणि तो तिच्याच डोळ्यात स्क्रू गेला असं समजून धावत सुटला होता.

इस्पितळात मनीच्या डोळ्यांत थेंब घातले, तासभर बसवून ठेवलं, मग एका अंधाऱ्या खोलीत नेलं. दुसऱ्या दिवशी भूल देऊन पुन्हा तपासलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी दोघांना आत बोलावलं. बाई वयानं लहान होत्या, केस मागे घट्ट बांधलेले. त्यांनी आडवळणानं काही सांगितलं नाही.

"डाव्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर गाठ आहे. कॅन्सरची आहे. उजवा डोळा आज तरी स्वच्छ आहे."

नवऱ्यानं खिशातून वही काढली, पेन उघडलं आणि लिहिलं काहीच नाही. घड्याळवाली बाईंच्या टेबलावरच्या कागदी रुमालांच्या पेटीकडे बघत राहिली. पावणेचार वर्षांच्या पोरीला कॅन्सर होतो हे वाक्य तिला कळत होतं. पण ते जाऊन कुठे बसत नव्हतं.

"लहान मुलं सांगत नाहीत," बाई म्हणाल्या. "एका डोळ्यानं दिसत असलं की त्यांना वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं."

त्या संध्याकाळी घरी कुणी दिवे लावायचंही नाव घेतलं नाही. नवरा फोनमधले जुने फोटो चाळत बसला होता. त्यात तर मनीचे डोळे ठीक होते, दोन्ही काळेभोर. मग त्याच्या लक्षात आलं की फोन आपणहून डोळ्यांतले ठिपके पुसून टाकतो. तो उठला आणि कपाटातून आजोबांचा जुना कॅमेरा काढला. वाढदिवस, बाग, अंघोळीनंतरची मनी. त्यातल्या नऊ फोटोंत पांढरा ठिपका होता. सगळ्यात जुना फोटो दहा महिन्यांपूर्वीचा.

आजोबा शेजारी उभे राहून बघत होते. ते एकदम भिंतीला टेकले.

"त्याच सुमारास वीज गेली होती," ते म्हणाले. "मी बॅटरी लावून हिच्या खोलीत गेलो. हिचा डोळा चमकला. मी म्हटलं, बघा, आपल्या घरात मांजर आलंय. मनीमाऊ." "मीच नाव ठेवलं. तुम्ही सगळे हसलात."

ते खरं होतं, सगळे हसले होते. तिचं कागदावरचं नाव मागे पडलं होतं आणि हेच तोंडात बसलं होतं. दहा महिने ते दिवसातून शंभर वेळा त्या गाठीच्या नावानंच तिला हाक मारत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे तर दिवा धरून तो अंधार त्यांनी पाहिला होता आणि त्याचं कौतुक केलं होतं. लोकांच्या घड्याळांतला केस शोधणाऱ्या बाईला पोरीच्या तिरक्या मानेत नखरा दिसला होता.

दुसऱ्या दिवसापासून आजोबा मनीला कुठल्याच नावानं हाक मारेनात.

नवऱ्याचं मन मात्र दुसरीकडे धावत होतं. त्यानं नवा तक्ता आखला. ठिकाणं पुन्हा परदेशातलीच, आणि रकान्यांत इस्पितळं. जुन्या किल्ल्यांच्या त्या शहरात डोळ्यांचं मोठं इस्पितळ आहे, तिथे असे डोळे वाचवतात, हे त्यानं शोधून काढलं. पत्रं पाठवली. उत्तरही आलं: पाच आठवड्यांनंतरची तारीख.

डॉक्टरबाईंनी तक्ता नीट वाचला. "डोळा वाचवता येतो, पण गाठ लहान असते तेव्हा," त्या म्हणाल्या. "हिच्या डोळ्याचा दोन तृतीयांश भाग भरलाय. पाच आठवडे थांबलात तर ती डोळ्यामागच्या नसेतून पुढे सरकू शकते. तिथून मेंदू जवळ आहे. मी डोळा काढायला सांगतेय."

"काढायला?" नवरा म्हणाला. "म्हणजे कायमचा?"

"हो."

"नाही. मी तिला तिकडे नेणार. तुम्ही पत्र द्या फक्त."

"पत्र देईन. पण थांबू नका असंच त्यात लिहीन."

नवरा घड्याळवालीकडे वळला. ती त्याच्या बाजूनं बोलेल याची त्याला खात्री होती. लग्नाच्या अकरा वर्षांत त्यानं आखलेला एकही तक्ता तिनं चारचौघांत खोडला नव्हता.

"मला आत बघायचंय," ती डॉक्टरबाईंना म्हणाली.

"आत म्हणजे?"

"डोळ्याच्या आत. तुम्ही चित्र काढलं असेल ना."

बाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. आधी उजवा डोळा दाखवला. नारिंगी रंगाचा स्वच्छ गोल, त्यात बारीक लाल रेघा, सगळं जिथल्या तिथे. मग डावा. घड्याळवाली खुर्ची पुढे ओढून बसली आणि भिंगाखाली बघतात तशी बघत राहिली. पांढरट, खडबडीत ढेकूळ मधोमध बसलं होतं. त्याच्या कडेनं तुटलेले कण इकडेतिकडे तरंगत होते. डाव्या बाजूला थोडासा नारिंगी भाग उरला होता, नखाएवढा. आयुष्यभर तिनं बंद झाकणं उघडून आत पाहिलं होतं, आणि काय चालू होईल नि काय होणार नाही हे लोकांना तोंडावर सांगितलं होतं. रडणाऱ्या बायकांनाही सांगितलं होतं, त्यांच्या गेलेल्या माणसाचं घड्याळ हातात धरून.

"हे कण पसरतात?" तिनं विचारलं.

"हो. तेच तर थांबवायचंय."

"कधी कराल?"

"परवा सकाळी."

"कागद द्या," ती म्हणाली.

"अगं, थांब," नवरा म्हणाला. "पाच आठवडे. फक्त पाच आठवडे."

"तू बघ ना एकदा. इकडे ये, बघ."

त्यानं पाहिलं नाही. तो बाहेर निघून गेला. तिनं सही केली आणि पेन खाली ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण तारखेच्या जागी वेळ लिहिलीये. बाईंनी दुसरा कागद दिला. बऱ्याच वेळानं नवरा परत आला, चेहरा ओला, आणि तिच्या सहीखाली त्यानंही सही केली. तिच्याशी मात्र तो चार दिवस बोलला नाही.

शस्त्रक्रिया झाली. मनीच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. शुद्धीवर आल्यावर ती आधी पाणी मागत राहिली, मग झोपली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, नवरा तिला बिस्किट भरवत असताना म्हणाली, "माझा डोळा कुठे ठेवला?"

बिस्किट नवऱ्याच्या हातात तसंच राहिलं. या प्रश्नाची तयारी त्यांनी केली होती, पण महिन्याभरानं येईल असं धरून.

"डॉक्टरांकडे आहे," तो शेवटी म्हणाला. "तो बिघडला होता ना."

"मग आईकडे द्या. आई दुरुस्त करेल."

घड्याळवाली खिडकीपाशी उभी होती. ती पलंगापाशी गेली आणि मनीचा पाय धरून म्हणाली, "हा नाही गं येत मला दुरुस्त करता."

मनीला हे खरं वाटेना. तिनं आजोबांकडे पाहिलं. आजोबा पायथ्याशी बसले होते आणि त्यांनी मान खाली घातली.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही मला मनी का म्हणत नाही?"

आजोबांनी तिच्या पायाशी पांघरूण सारखं केलं.

"मला राग आलाय," मनी म्हणाली. "म्हणा."

"मनी," आजोबा म्हणाले, आणि तोंडावर पंचा धरून बाहेर गेले.

आठवड्यानं तपासणीचा निकाल आला. नस स्वच्छ होती, पुढे काहीही सरकलं नव्हतं. डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसल्या. नवऱ्यानं तो कागद तीनदा वाचला आणि मग इस्पितळाच्या पायऱ्यांवर बायकोला म्हणाला, "मी ते चित्र बघायला हवं होतं."

"नको होतंस," ती म्हणाली. "मला अजून दिसतं ते."

पुढे बनवलेला डोळा बसला. इतका हुबेहूब की नवख्या माणसाला कुठला ते ओळखता येऊ नये. दर दीड-दोन महिन्यांनी उजव्या डोळ्याची तपासणी व्हायची आणि त्या दिवसाच्या आधीचे दोन दिवस घरात कुणाला घास जात नसे. मनी मात्र शाळेत जाऊ लागली, पळू लागली, डावीकडच्या दारांना धडकून हसू लागली. पोर सावरली असं सगळे म्हणत होते. घड्याळवालीही म्हणत होती.

दीड वर्षानं डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता पुढची तपासणी तीन महिन्यांनी, मधे कुठे फिरून या हवं तर. त्या रविवारी नवऱ्यानं पुन्हा माहितीपत्रकं आणून जमिनीवर पसरली. या वेळी तक्ता नव्हता. मनी आता सव्वापाच वर्षांची होती. तिनं एकाही चित्राकडे पाहिलं नाही.

"कुठे मला कुणी ओळखत नाही?" तिनं विचारलं.

नवरा हसला. "कुठेच नाही ओळखत गं, परदेशात कोण ओळखणार तुला?"

"डोळ्याचं कुणाला माहीत नाही?"

"नाही."

"मग तिथे," ती म्हणाली. "शाळेत सगळ्यांना माहितीये. ते म्हणतात, काढून दाखव."

घड्याळवाली पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. वर्षभर तिनं रोज संध्याकाळी डबा रिकामा करताना विचारलं होतं, शाळेत काय झालं, आणि रोज उत्तर मिळालं होतं, काही नाही. तिनं तांब्या खाली ठेवला. हे आपल्याला आत्ता कळतंय, या गोष्टीनं ती त्या फोटोच्या दिवसासारखीच जागच्या जागी थिजली. आता कुठली पांढरी खूणही नव्हती, सांगणारा फोटोवालाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाऊन वर्गाच्या बाईंशी बोलली. ते वेगळं. पण सहलीला ते अखेर एका तळ्याकाठच्या लहानशा गावी गेले. ते त्यांच्या कुठल्याच यादीत कधी नव्हतं. तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही असं पत्रकातही लिहिलं होतं. आजोबाही आले, समोरच्या बागेत काय वाईट होतं असं विमानात दोनदा म्हणून.

तिसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या खेळाच्या मैदानात मनीला तिच्याएवढी एक मुलगी भेटली. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, तरी दोघी अर्धा तास झोक्यावर बडबडत होत्या. घड्याळवाली बाकावर बसून डब्यातली फळं चिरत होती. तिनं वर पाहिलं तेव्हा मनी झोक्यावरून उतरली होती आणि त्या मुलीसमोर उभी राहून, नखानं डाव्या डोळ्यावर टकटक वाजवून दाखवत होती. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं.

घड्याळवाली अर्धवट उठली. नवऱ्यानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

ती मुलगी आ वासून बघत राहिली. मग तिनं आणखी मोठा आ केला, दोन बोटांनी ओठ वर ओढला आणि पडलेल्या दाताची जागा मनीला दाखवली. मनीनं वाकून, मान तिरकी करून, ती जागा बारकाईनं तपासली.

"हा येतो परत," ती मराठीत म्हणाली. "माझा नाही येत."

त्या मुलीला काहीही कळलं नाही. तिनं मनीचा हात धरला आणि दोघी घसरगुंडीकडे पळाल्या.